गोधडीचा डाग आणि गोधडीची ओल



भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवर गोधड्या बाहेर निघतात. गावात घट बसायच्या आधी धुणं काढतात. आपल्या घरात घट बसत नाहीत, पण अशोक विजयादशमीच्या आधी सगळं घर झाडून-धुऊन घ्यायची रीत आपण सोडलेली नाही, आणि सोडायचं कारणही नाही. चार महिने पावसाची ओल खाल्लेलं अंथरूण धुवायलाच हवं. त्या आठ-दहा दिवसांत कुकडी, मीना, घोड यांच्या काठी आणि कालव्याच्या कडेने बायकांची रांग लागते. म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान गोधडीसाठी.

वस्तीत आरोग्याच्या बैठकीला बसलो की गोधडीबद्दल आम्हाला हमखास एकच प्रश्न येतो: डाग कसा काढायचा? रक्ताचा, मुताचा, हळदीचा, चहाचा. घरात खरूज फिरते आहे, पोराला रात्री धाप लागते, याचा संबंध अंथरुणाशी असेल असं क्वचित कोणी विचारतं. याचं कारण आम्हाला समजतं. गोधडी वलणीवर टाकली की डाग चारचौघांना दिसतो, आणि बोलणारे बोलतात. आतली ओल कोणाला दिसत नाही. पण माणूस डागाने आजारी पडत नाही. आजारी पडतो तो ओलीने, न दिसणाऱ्या किड्याने, आणि डाग काढायच्या नादात ओतलेल्या औषधाने. धुणाऱ्या बाईचा जीव जातो तो पाण्यात.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी बोलले, तेव्हा कपड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण कपडा स्वच्छ असावा, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं होतं. ठिगळाची त्यांनी लाज धरू दिली नाही. धुऊनही राहिलेल्या फिकट डागाची लाजही आपण धरू नये. डाग राहिला म्हणजे गोधडी अस्वच्छ राहिली असं नाही.

गोधडी चादरीसारखी का धुता येत नाही, ते आधी बघू. वर-खाली लुगडं किंवा साडी, मध्ये जुनी धोतरं, परकर, सदरे, उरलेल्या चिंध्या, असे पाच-सहा थर आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा हाताचा धावदोरा. पाणी बाहेरून लगेच आत शिरतं, पण मधल्या थरातून बाहेर यायला फार वेळ घेतं. दोन-तीन किलोची गोधडी भिजली की सहज आठ-दहा किलोंची होते. ती एका टोकाला धरून उचलली की सगळा भार त्या टोकाच्या टाक्यांवर येतो आणि जुना दोरा तुटतो. पिळली तरी तेच. एकदा दोरा तुटला की आतल्या चिंध्या गोळा होऊन एका कोपऱ्यात जातात आणि तिथे कधीच न वाळणारा गठ्ठा होतो. हल्लीच्या गोधड्यांत आणखी एक भर पडली आहे. वर नायलॉनची साडी आणि आत स्पंज किंवा शिवणकामाचं कातरण. वरची साडी तासाभरात वाळते, हाताला कोरडी लागते, आत मात्र दुसऱ्या दिवशीही ओल असते. अशी साडी चुलीजवळ वाळत घालू नका. ती पेटली तर वितळते आणि अंगाला चिकटते.

आता पाण्याचं. आमच्या मते या लेखातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून डागाच्या आधी सांगतो.

आपल्या दोन्ही तालुक्यांत नदीचं पाणी बहुतेक धरणाचं आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावचं डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं. आवर्तन सुटलं किंवा धरणातून पाणी सोडलं की वर आभाळ कोरडं असतानाही खाली पाणी वाढतं. काल गुडघाभर होतं म्हणून आज तेवढंच असेल असं नाही. कालवा तर नदीपेक्षा वाईट. त्याचे काठ उतरते, सिमेंटचे, शेवाळलेले. पाय घसरला तर धरायला ना झुडूप ना दगड, आणि ओढ सरळ खाली. कालव्यात गोधडी धुऊ नये. नाइलाज असेल तर पाणी बादलीने वर काढून काठापासून लांब धुवावं.

बाई पाण्यात जाते ती बहुतेक वेळा गोधडीमागे. भिजलेली गोधडी प्रवाहात पसरली की ती शिडासारखी ओढली जाते. हातातून निसटते आणि आपण दोन पावलं पुढे टाकतो. ती आईच्या लुगड्याची असते, आजीने शिवलेली असते, जीव त्यात अडकलेला असतो. तरी निसटली तर जाऊ द्या. काठाला मेख ठोकून किंवा झाडाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक गोधडीच्या कोपऱ्याला बांधलं तर ती जातही नाही. दोरी स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला मात्र बांधू नका, गोधडी तुम्हालाच घेऊन जाईल. गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नये. एकटीने जाऊ नये. लहान पोरांना काठावर खेळायला सोडून धुवायला बसू नये. त्यांना घरी ठेवायची सोय नसेल तर एका बाईने त्या दिवशी फक्त पोरं सांभाळावीत, धुणं दुसऱ्यांनी वाटून घ्यावं.

कोणी बुडताना दिसलं तर पोहायला येत नसताना उडी टाकू नका. एकीला वाचवायला दुसरी, तिला वाचवायला तिसरी, अशाने एकाच घरातल्या दोघी-तिघी जातात. काठावर पालथं पडून साडी, दोरी, बांबू फेका. रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅनसुद्धा तरंगायला आधार देतो. ११२ किंवा १०८ ला फोन लावा. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढत बसण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. हे वस्तीतल्या चार जणांना तरी यायला हवं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, शिकवा म्हणा.

आणि बिबट्या. ऊस उभा असतो, तेव्हा पहाटे किंवा दिवेलागणीला उसाच्या कडेने पाणवठ्यावर जाऊ नका. खाली वाकून बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. ऊन चढल्यावर, बोलत, चार जणींनी मिळून जावं.

खरं तर गोधडी वस्तीतच धुता आली पाहिजे. आपल्याच जुन्नरच्या लेण्यांत डोंगर कोरून पाण्याची टाकी केलेली आहेत. त्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढींचं दान दिल्याचा लेख तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या मुलखातून आलेल्या माणसाला इथे पाणी द्यावंसं वाटलं, आणि आपल्या आज्या-पणज्यांना मात्र पाणवठ्याचं खालचं टोक दाखवलं गेलं. आज वस्तीला नळ आला असला तरी धुण्याचा ओटा आणि सांडपाण्याची गटार बऱ्याच ठिकाणी नाही. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे’ ही योजना पाणी, गटार अशा कामांसाठीच आहे. ग्रामसभेत ओट्याची मागणी लेखी द्या आणि ठरावात तिची नोंद झाली का ते वाचून बघा.

धुण्याची रीत फार अवघड नाही. सकाळपासून कडक ऊन असेल असा दिवस निवडा आणि एका दिवशी दोन-तीनच गोधड्या काढा. सगळ्या एकदम भिजवल्या तर वाळत घालायला जागा पुरत नाही आणि रात्री अर्धी ओली गोधडी अंगावर येते. आधी कोरडी झटकून घ्या. नाकातोंडाला पदर बांधा, आणि ज्याला दमा आहे त्याला त्या वेळी लांब पाठवा. झटकताना उडणाऱ्या धुळीतच दमा वाढवणारे बारीक किडे आणि त्यांची विष्ठा असते. सुटलेले टाके धुण्याआधी घाला, धुतल्यावर नाही. लाल, जांभळं लुगडं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर ती गोधडी वेगळी, थंड पाण्यात धुवा.

मोठ्या टपात साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पहिलं काळं पाणी टाकून द्या, मग साबणाचं पाणी घ्या. पावडर थोडीच. जास्त पावडरने जास्त स्वच्छ होत नाही. ती थरांत अडकते, निघत नाही आणि मग अंगाला खाज सुटते. लाकडाने बडवण्यापेक्षा पायाने तुडवा, दोरा टिकतो. टप नसेल तर ओट्यावर जुनं प्लॅस्टिक अंथरून त्यावर तुडवा. नंतर पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, तीन-चार वेळा खळबळा. पिळू नका. घडी घालून उतरत्या दगडावर किंवा बाजेवर ठेवा, पाणी आपोआप निथळतं. तासाभराने दोघींनी दोन-दोन कोपरे धरून उचला. बाळंतीण, गरोदर बाई, पोटाचं ऑपरेशन झालेली बाई यांनी ओली गोधडी उचलू नये. हे काम घरातल्या पुरुषांनी करावं. गोधडीला पुरुषाचा हात लागला म्हणून ती काही विटत नाही.

आता डाग. रक्ताला कधीही गरम पाणी लावू नका. गरम पाण्याने रक्त कपड्यात शिजतं आणि पक्कं बसतं. थंड पाणी, मूठभर मीठ, अर्धा तास, मग साबण. पाळीच्या किंवा बाळंतपणाच्या डागासाठी एवढं पुरे. तो लपवायला गोधडी घडी करून खाली दाबून ठेवू नका. ओली दाबलेली गोधडी कुजते, आणि वाळलेला डाग दुप्पट कठीण जातो.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि बाई घाबरते. घाबरू नका. हळद आणि साबणाचा खार एकत्र आला की असा रंग येतोच. चांगलं खळबळलं की परत पिवळा होतो. तो पिवळा रंग साबणाने फारसा जात नाही, उन्हाने जातो. ओला डाग उन्हाकडे करून दोन-तीन दिवस टाका. तेलाच्या डागावर आधी खडूची भुकटी किंवा कोरडं पीठ टाकून तेल शोषून घ्या, मग रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने चोळा. तारेच्या वलणीचा गंज लागला असेल तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा म्हणजे तो डागच पडणार नाही. बुरशीचे काळे ठिपके पडले असतील तर गोधडी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने घासा, नाकातोंडावर पदर घेऊन. मग धुऊन कडक उन्हात टाका. ठिपक्यांची सावली राहील. वास गेला असेल तर ती राहू द्या.

मुताच्या गोधडीसाठी आधी साध्या पाण्यात दोनदा भिजवून पाणी टाकायचं, मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी खाण्याचा सोडा घालून तासभर ठेवायचं, मग साबण. पाच वर्षांच्या आतलं लेकरू रात्री अंथरूण ओलं करतं त्यात आजार नाही आणि त्याला मारण्यासारखं काही नाही. गोधडीवर प्लॅस्टिक आणि त्यावर जुन्या सुती कापडाचं दुपटं घाला, दुपटं रोज धुता येतं. आधी कोरडं झोपणारं मूल किंवा मोठं माणूस अचानक असं करू लागलं तर मात्र लघवी आणि साखर तपासून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोधडी धुताना घरात कुरबुर होते. विनयपिटकाच्या महावग्गात गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडून असलेल्या एका भिक्खूला बुद्धांनी आनंदांना सोबत घेऊन स्वतः धुतलं आणि खाटेवर निजवलं.

मुताच्या गोधडीवर ब्लीचिंग पावडर टाकू नका. मुतातला अमोनिया आणि ब्लीचिंग एकत्र आले की डोळे, घसा, छाती जाळणारा वायू सुटतो. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र केलं तर त्याहून वाईट, क्लोरीन सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा आहे. असं झालंच तर भांडं उचलायच्या भानगडीत न पडता बाहेर मोकळ्या हवेत या, डोळे भरपूर पाण्याने धुवा, धाप लागली तर दवाखाना गाठा. ब्लीचिंगने सुती दोराही खाल्ला जातो, म्हणून गोधडीला ते मुळीच नको.

दुसरं विष शेतातून घरात येतं. आपली माणसं नारायणगावच्या टोमॅटोवर, द्राक्षबागांत, मंचरच्या बाजूला कांदा-बटाट्यावर मजुरीने फवारणीला जातात. ढेकूण झाले म्हणून शेतातलं उरलेलं औषध गोधडीवर फवारलेलं आम्ही पाहिलं आहे. ते औषध पिकासाठी आहे. रात्रभर त्यात झोपणाऱ्या लेकराच्या श्वासातून आणि कातडीतून ते आत जातं. उलटी, लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही विषबाधेची लक्षणं आहेत, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. फवारणीचे कपडे गोधडीबरोबर, एकाच टपात धुऊ नका. औषधाचा रिकामा कॅन कितीही घासला तरी भिजवण्याच्या पाण्याला वापरू नका.

खरुजेबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे बरीच घरं गोधडी धुऊनही हरतात. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, काखेत बारीक पुळ्या, आणि घरात एकापेक्षा जास्त जणांना, म्हणजे खरूज. हा कातडीत घर करणारा किडा आहे, घाणेरड्या माणसालाच होतो असं काही नाही. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून ज्याला खाजत नाही त्यालाही औषध लावावं लागतं. परमेथ्रिनचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली आणि बेचक्यांतसुद्धा लावायचं, ८ ते १२ तासांनी धुवायचं, आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. तान्ह्या बाळासाठी आधी विचारा. किडा मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते, तेवढ्याने औषध फुकट गेलं असं समजू नका.

औषध लावलं त्याच दिवशी अंथरूण बदलायचं. कपडे, चादरी ५० अंशांहून गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवल्या की किडा आणि अंडी मरतात. हात घालवणार नाही इतकं ते पाणी गरम असतं, तेव्हा पोरांना लांब ठेवा. जाड गोधडीच्या आतपर्यंत एवढं गरम पाणी पोचवणं घरी जमत नाही, आणि जमवायची गरजही नाही. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा बहुधा दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. गोधड्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि किमान तीन दिवस, जमलं तर आठवडा, कोणी हात लावणार नाही अशी ठेवा. भर पावसात, ऊन नसताना, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या घरांनी हाच उपाय करावा. तिकडे पावसाळ्यात गोधडी भिजवणं म्हणजे बुरशीला बोलावणं.

टीबीच्या माणसाची गोधडी जाळून टाकल्याचंही आपण ऐकतो. टीबी खोकल्यातून हवेने पसरतो, गोधडीने नाही. रोजच्यासारखी धुवा, उन्हात टाका, घराच्या खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या माणसाच्या गोळ्या एक दिवसही चुकू देऊ नका. अंथरूण जाळलं तर तो आजारी माणूस थंडीत कशावर झोपणार?

वाळवताना गोधडी दोरीवर दुमडून टाकली की घडीच्या आत ओल राहते. बाजेवर, पत्र्यावर जुनी साडी अंथरून तिच्यावर, किंवा दोन दोऱ्यांवर सपाट पसरा, दर दोन तासांनी उलटा, आणि ऊन उतरायच्या आत घरात घ्या, दव पडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी परत टाका. वाळली का ते वरून हात लावून कळत नाही. मधोमध दोन्ही तळव्यांत दाबून अर्धा मिनिट धरा. गार लागली तर आत ओल आहे. गालाला लावली तर आणखी नीट कळतं.

ठेवताना डांबरगोळ्या गोधडीत घालायची सवय आहे. बाळाच्या दुपट्यांत आणि बाळंतिणीच्या गोधडीत त्या मुळीच घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते, त्यांना त्या वासानेही रक्त फुटून कावीळ होते, आणि कोणत्या बाळाला ती आहे हे आधी कळत नाही. डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी दुपटी काढली असतील तर वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात टाकूनच बाळाखाली घाला. त्याऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला सुती फडक्यात बांधून ठेवा. गोधड्यांची चळत जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. फळीवर किंवा पेटीवर ठेवा, आणि महिन्या-दीड महिन्याने घडी मोडून दुसऱ्या बाजूने घाला, नाहीतर घडीच्या रेषेवरचा दोरा आधी तुटतो.